मनातल्या मनात मिळवलेला एक

माझ्या कपाटात वह्यांचा एक गठ्ठा आहे. लोणच्याच्या मापांची वही, मुलांच्या लसींची, कोणत्या पाहुण्याला काय चालत नाही त्याची. घरात यावरून माझी थट्टा होते, आणि वेळ आली की मलाच विचारायला येतात. गठ्ठ्याच्या तळाशी एक शंभरपानी वही आहे, तिच्याविषयी मात्र या घरात कुणाला माहीत नाही. तिच्या प्रत्येक पानावर तांबड्या पेन्सिलीने आखलेले तीन सरळ रकाने आहेत. चौथा नंतर समासात कोंबलेला आहे. तो कसा आला ते लिहून ठेवते.

साठ-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा झाला नव्हता, आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले. मसुऱ्याच्या खालच्या अंगाला खाडीकाठी आमची वाडी. वडील मी लहान असतानाच गेलेले, भाऊ मुंबईला गोदीत. घरात आई, वहिनी आणि मॅट्रिक होऊन बसलेली मी. वहिनीची दोन बाळंतपणं घरीच झाली होती आणि दोन्ही वेळा मूल हाती लागलं नव्हतं. पायाकडून आलं, सुईण म्हणाली, माझ्या हातात काही राहिलं नाही. त्यानंतर घरात त्याविषयी कुणी शब्द काढला नाही. पाळणा माळ्यावर उलटा टांगलेला होता, आणि नारळ काढायला वर गेलं की त्याच्याकडे न बघता खाली यायचं, एवढं मला कळत होतं.

त्या वर्षी गावात दवाखाना निघाला. पंचायतीच्या दोन खोल्या, एक टेबल, बाहेर एक लांब बाक, आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर आणि मागच्या खोलीत कायम राहणाऱ्या नर्सबाई. बाई केरळच्या होत्या. वाडीने पहिल्या दिवशीच त्यांना मद्राशीण ठरवून टाकलं. केरळ वेगळं, मद्रास वेगळं, हे मी नकाशा काढून सांगितलं, पण काही उपयोग झाला नाही. बायकांना खरं नवल दुसऱ्याच गोष्टीचं होतं. आमची शेजारीण मासळी विकायला फिरायची. बाईंच्या चुलीवर काय आहे ते ती बघून आली आणि आईजवळ बसून म्हणाली,

"ही बाय भात जेवता, मासे खाता, आमटेत नारळ घालता. मगे भास कित्याक येगळी?"

जेवण एक, तर भाषा वेगळी का, एवढाच तिचा प्रश्न होता.

बाईंना मलयाळम यायचं, इंग्रजी यायचं आणि रेल्वेत उपयोगी पडेल इतपत हिंदी. बायका यायच्या, पोटावर किंवा डोक्यावर हात ठेवायच्या, बाई काहीतरी विचारायच्या, बायका मान हलवायच्या आणि घरी येऊन सुईणीला बोलवायच्या. महिन्याभरात बाक रिकामा पडला. तेव्हा सरपंच आईकडे आले आणि म्हणाले की तुमच्या मुलीला इंग्रजी येतं, सकाळचे दोन तास तिला दवाखान्यात बसू द्या. आईने आधी नाही म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी मला धुतलेलं पातळ काढून दिलं.

मी गेले ती वही घेऊनच. पहिल्या रकान्यात आमच्या बायका काय म्हणतात ते. दुसऱ्यात पुस्तकी मराठी किंवा इंग्रजी. तिसऱ्यात बाईंचा शब्द, कानाला जसा पडेल तसा देवनागरीत. बाईंनी माझी वही पाहिली, आत गेल्या आणि स्वतःची घेऊन आल्या. तिच्यातही रकाने होते, त्यांच्या गोल गोल लिपीत भरलेले. आमची मैत्री तिथे झाली.

सगळ्यांत जास्त पानं दुखण्याने खाल्ली. इंग्रजीत बाईंना एकच शब्द पुरायचा. आमच्याकडे नुसतं दुखत नसे. दात ठणकायचा, डोळे चुरचुरायचे, कंबरेत चमक भरायची, पोटात मुरडा यायचा, पोटरीत गोळा, छातीत कळ, जखम भगभगायची. हे इंग्रजीत सांगणं माझ्या मॅट्रिकच्या पलीकडचं होतं, म्हणून मी करून दाखवायची. एकदा मी चमक करून दाखवत होते, तर बाकावरची एक म्हातारी वैतागून उठली.

"चमक अशी येणा नाय गो. अशी येता."

आणि दाखवता दाखवता तिला खरीच भरली. तिला आडवी करून शेकावं लागलं. बाईंनी आपल्या वहीत त्या शब्दापुढे एक वाकलेली म्हातारी काढली.

उलट 'वेदना' हा शब्द आमच्या वाडीत फक्त शाळेच्या पुस्तकात होता, आणि बाईंच्या घरी तो रोजचा. त्यांनी एका मासेवालीला "वेदना?" असं विचारलं, तेव्हा ती कीर्तनाला बसल्यासारखी गंभीर झाली. 'सुख'ही त्यांच्याकडे रोजचं. सकाळी मी आले की त्या विचारायच्या, "सुखमाणो?" म्हणजे बरी आहेस ना. आमच्याकडे 'बरा मा?' म्हणून मोकळे होतात, कुणी कुणाला सुखाविषयी विचारत नाही. बांगड्याला त्या 'अयला' म्हणायच्या, नारळाला 'तेंगा'. तापाला 'पनी'. पाण्याशी घोटाळा होऊ नये म्हणून त्या शब्दापुढे मी तांबडी खूण केली आहे.

उच्चारांत कुणाचं काय अडेल ते सांगता येत नसे. आमच्या शाळेत घाटावरून आलेल्या एका गुरुजींना जो 'ळ' जड जायचा, तो बाईंच्या तोंडात घरच्यासारखा. पण 'ख', 'घ', 'भ' आले की त्यांची जीभ हवा सोडायला तयार नसे. 'भात' त्यांचा 'बात' व्हायचा आणि 'पोटात दुखता' हे 'पोडात दुक्ता'. बायका हसायच्या. मग बाई त्यांना आपला एक उच्चार द्यायच्या आणि हसायची पाळी त्यांची असे. नाडी मोजताना, गोळ्या मोजताना बाई आपल्या भाषेत मोजायच्या: ओन्नु, रण्डु, मून्नु, नालु, अंजु, आरु, एळु, एट्टु, ओम्बदु, पत्तु. ऐकून ऐकून बाकावरच्या बायकांना ते पाठ झालं होतं. फक्त सातावर सगळ्या अडायच्या. मी 'एळु' लिहिलं आहे, पण तो ळ नव्हे आणि र नव्हे, जीभ मागे दुमडून कुठेही न टेकवता काढायचा आवाज. मला तो कधीच आला नाही. वहिनीला पहिल्याच खेपेला आला. ती माझ्याबरोबर कधी कधी यायची, बाकाच्या टोकाला बसायची आणि घरात जेवढं बोलायची त्याहून कमी बोलायची. पण एळु म्हणाली तेव्हा बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि टाळी वाजवली. माहेर शिरोड्याचं, म्हणून येतं, असं आई म्हणाली. दोन्हींचा संबंध काय, ते तिने सांगितलं नाही.

सुरुवातीला मी भाषांतर करताना माझी भर घालत असे. आलेली एखादी म्हणे अंगात बळ नाही, आणि मी इंग्रजीत सांगायची की हिने पाच दिवस नीट खाल्लेलं नाही आणि हिची सासू खाष्ट आहे. एक दिवस बाईंनी मला आत नेलं आणि सांगितलं की ती बोलते तेवढंच सांगायचं, तुझं काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. मला राग आला नाही. नियम मला आवडतात. मी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि तसंच वागू लागले.

पौषात वहिनीचं नाव दवाखान्यात घालायचं ठरलं. तिला पुन्हा दिवस गेले होते. बाई आईला माझ्याकरवी आधीच म्हणाल्या होत्या की हे बाळंतपण घरी नाही, मालवणच्या इस्पितळात, मी स्वतः घेऊन जाईन. आईने होय म्हटलं. दोन वेळा होऊन गेलं होतं, तिलाही सुईणीचा धीर उरला नव्हता. म्हणून आम्ही तिघी गेलो. बाक भरलेला होता. बाईंनी वहिनीला तपासलं, कागद पुढे ओढला आणि कितवा महिना ते विचारायला सांगितलं. मी विचारलं.

वहिनीने आईकडे पाहिलं. "सहावो," ती म्हणाली.

मी इंग्रजीत सहा सांगितलं. बाईंनी पुन्हा वहिनीच्या पोटावर हात ठेवला आणि पुन्हा विचारायला सांगितलं. या खेपेला आईच म्हणाली, सहावो. मी पुन्हा सहा सांगितलं. मूल मोठं दिसतंय, असं म्हणत बाईंनी लिहून घेतलं आणि बोटांवर मोजून सांगितलं की एप्रिलअखेर.

आता इथे वाडीची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे पोटुशी बाई खरा महिना कधीच सांगत नसे. एक कमी सांगायचा. दृष्ट लागू नये म्हणून असेल, पण कारण कुणी विचारत नसे. तिन्हीसांजेला केर काढू नये तसंच ते. सहा म्हटलं की ऐकणारी मनातल्या मनात एक मिळवायची आणि सातव्याच्या तयारीला लागायची. सगळी वाडी ते मिळवत असे. मी मिळवत असे. पण बाईंच्या डोक्यात ते मिळवणं नव्हतं, आणि त्यांना ते सांगायची गरज कुणाला वाटली नाही. मलाही नाही. वहिनी सहा बोलली, मी सहा सांगितलं. माझ्या नियमाप्रमाणे भाषांतर अगदी बरोबर होतं.

त्याआधी एकदा बाई मला म्हणाल्या होत्या की तुमच्या गावाची गंमत आहे, इथे मुलं महिनाभर आधी जन्मतात आणि तरी बाळसेदार असतात, हा मासळीचा गुण की नारळाचा? मी हसले होते. नारळाचा, असं म्हणाले होते.

फाल्गुन लागला. बाईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. त्यांना तीन आठवड्यांची रजा मिळाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत, म्हणजे वहिनीच्या आधी पुरेसा वेळ हाताशी. जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघींनी बसून याद्या केल्या. कोणाला कोणत्या गोळ्या द्यायच्या, कोणाला मालवणला पाठवायचं, कोण कधी मोकळी होणार. वहिनीपुढे मी माझ्या हाताने 'एप्रिलअखेर' लिहिलं. त्यांची ट्रंक उघडी होती. आईने दिलेली आमसुलं, काजू, बहिणीसाठी घेतलेलं एक हिरवं पातळ. सकाळची होडी, मग एसटी, मग बेळगावहून गाडी. त्या प्रवासाची यादीही मीच केली होती.

घरी आले तो दुपार कलली होती. आई पडवीत जुनी मऊ लुगडी फाडून दुपटी करत होती. आळीव निवडून डब्यात भरलेले. न्हाणीजवळ लाकडं रचलेली. पाळणा माळ्यावरून खाली आला होता आणि वहिनी ओल्या फडक्याने त्याच्या दांड्या पुसत होती. मी म्हटलं, आतापासून कशाला हे सगळं.

"आतापासून म्हंजे?" आईने मान वर केली नाही. "शिमगो सरलो काय मोकळी होतली ती."

शिमगा दहा दिवसांवर होता.

मला तो हिशोब कुणी समजावून दिला नाही. तो माझ्या डोक्यात आधीपासून होताच, फक्त दवाखान्याची वही एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला, असं मी ठेवलं होतं. दोन्ही एकदम समोर आले. मी वही उचलली आणि खाडीच्या बांधावरून परत गेले. चालत गेले असं मला वाटतं, पण शेजारीण पुढे कित्येक वर्षं सांगायची की मी धावत होते.

बाई ट्रंकेला दोरी बांधत होत्या. मी त्यांना म्हटलं की एक मिळवा. त्यांना कळलं नाही. मी वही उघडून वहिनीच्या नावावर बोट ठेवलं आणि सांगितलं की इथे एक महिना जास्त धरा, सगळ्यांच्याच बाबतीत धरा, आमच्याकडे एक कमी सांगतात. त्या रजिस्टर घेऊन बसल्या. आठ महिन्यांत झालेली बाळंतपणं त्यांनी एकेक करून बोटाने पाहिली. नारळाचा गुण, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं की हे सगळ्यांना माहीत आहे का.

मी होय म्हटलं.

"तुलाही?"

"होय."

"मग मला सहा का सांगितलंस?"

"ती सहा म्हणाली."

नियम बाईंचाच होता. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी ट्रंकेची दोरी सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती, मी मदतीला गेले, तर हातानेच थांबवलं आणि स्वतः सोडली. हिरवं पातळ वेगळं काढून कागदात गुंडाळलं, वर पत्ता लिहिला. मग मला तारेचा मजकूर लिहायला सांगितला. इंग्रजीत सहा शब्द होते. लग्नाला येता येत नाही, एवढाच त्यांचा अर्थ; त्यांतला 'लग्न' हा शब्द मी नीट अक्षरात लिहिला.

सकाळच्या होडीने बाई गेल्या, पण आमच्याबरोबर, मालवणला. होडीत आम्ही चौघी आणि होडीवाला. आई पदर आवळून पाण्याकडे बघत होती. बाई वहिनीसमोर बसल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सरळ तिलाच विचारलं, आमच्या भाषेत, आपल्या उच्चारात: "कितवो म्हयनो?"

वहिनीने आईकडे पाहिलं, होडीवाल्याकडे पाहिलं. होडीवाला आमच्याच वाडीतला, त्याच्या कानावर गेलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या कानावर जाणार. वल्ही पाच-सहा वेळा पडली असतील.

"ओम्बदु," ती म्हणाली.

नऊ. होडीवाला वल्हवत राहिला. आईने नजर हलवली नाही. बाईंनी वहिनीचा हात हातात घेतला आणि मालवण येईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मूल याही खेपेला पायाकडून आहे, हिला परत नेऊ नका. मालवणात आईची एक चुलत बहीण होती, तिच्याकडे वहिनीला ठेवलं. बाई एक दिवसाआड यायच्या, होडी, एसटी, आणि परत. शिमग्यानंतर पाचव्या दिवशी दुपारी इस्पितळात मुलगी झाली. बराच वेळ रडली नाही. डॉक्टर आणि बाई आत होते, आई आणि मी बाहेरच्या बाकावर, आणि पहिल्यांदाच मला कशाची यादी करावी ते सुचत नव्हतं. मग ती रडली. बाईंनी बाहेर येऊन आईला काय सांगितलं ते मलयाळममध्ये होतं. त्यांना घाईत भाषा बदलायची आठवण राहिली नसावी. आईने माझ्याकडे वळून अर्थ विचारला नाही.

बाईंची रजा पुन्हा मिळाली ती पावसाळ्यानंतर. मधल्या काळात पोस्टाने लग्नाचा फोटो आला. तो त्यांनी औषधाच्या कपाटाच्या काचेला आतून लावला. नवरीच्या अंगावर तेच हिरवं पातळ आहे का, हे काळ्यापांढऱ्या फोटोत कळत नव्हतं. मी रोज बघायची. बाईंनी मला त्यावरून कधी एक शब्द ऐकवला नाही. त्यांनी फक्त पहिल्या पानावरचा नियम बदलायला सांगितला. ती बोलते ते सांगायचं, आणि तुला जे माहीत आहे तेही सांगायचं, पण वेगळं. म्हणून चौथा रकाना. समासात जागा कमी होती, त्यामुळे अक्षर बारीक आहे.

महिन्यांच्या बाबतीत मात्र चौथा रकाना पुरला नाही. कुणी एक कमी सांगे, कुणी दोन, एखादी विसरून खराच सांगे. बाईंना अंदाज नको होता. त्यांना खरा आकडा हवा होता, आणि तो भरलेल्या बाकापुढे कोण सांगणार? वाट वहिनीनेच काढली. शेजारणीची सून पहिलटकरीण होती, तिला दवाखान्यात जायच्या आधी वहिनीने आमच्या पडवीत बसवलं.

"तेंच्या भाशेत सांग गो. हयल्या दिष्टीक ती भास कळणा नाय."

इथल्या दृष्टीला बाईंची भाषा कळत नाही, हा तिचा हिशोब. त्या मुलीने दवाखान्यात मोठ्याने "तिसरो" म्हटलं आणि बाईंच्या कानाशी "नालु". वर्षभरात सगळ्या तसंच करू लागल्या. बाकावरच्या सासवांनाही ते आकडे येत होतेच, बाई गोळ्या मोजताना ऐकूनच त्या शिकल्या होत्या. पण त्या ऐकू न आल्यासारखं करायच्या, आणि ते पुरेसं असायचं. एळु मात्र कुणाला धड यायचं नाही. सातव्या महिन्यातल्या बाया बोटं दाखवायच्या.

बाईंची बदली झाली तेव्हा भाचीला दोन वर्षं पुरी होत आली होती. त्या गेल्या तो दिवस मी वहीत लिहिलेला नाही. त्यांच्या जागेवर साताऱ्याकडच्या बाई आल्या. चांगल्या होत्या, मराठी स्वच्छ होतं, दुभाष्याची गरज उरली नव्हती. तरी पहिल्या दिवशी मी गेले, कारण वहिनीला घेऊन जायचं होतं. मुलगी तिच्या कडेवर. आई बरोबर, बाक भरलेला. नव्या बाईंनी विचारलं, कितवा महिना चाललाय ताई.

"चवथो," वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग पुढे वाकली आणि हळू सांगितलं, "अंजु."

नव्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आई छपराचे वासे मोजत होती.

"पाच लिहा," मी म्हटलं.

ही कुठली भाषा, असं त्यांनी विचारलं. आमचीच, मी म्हटलं, आणि वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. समासापासून सुरुवात केली.